बिननावाची वही

मंगळवारी संध्याकाळी पोलोनाला घरात काड्यापेटी सापडली नाही, एवढंच काय ते झालं. आईच्या थडग्यावर लावायचा लाल काचेचा दिवा पिशवीत ठेवून झाला होता, डोक्याला रुमाल बांधून झाला होता, आणि कबरस्तानाकडे जाणारी बस यायला दहा मिनिटं होती. बोगोमिर एक काड्यापेटी पाठपिशवीच्या वरच्या खिशात ठेवतो, हे सदतीस वर्षांच्या संसारानं तिला ठाऊक होतं. तो खाली तळघरात सायकलीची साखळी पुसत बसला होता. तिनं खिशाची चेन ओढली, आत हात घातला, आणि काड्यापेटीच्या आधी हाताला वही लागली. शिक्क्यांची वही. तळहाताएवढी, मेणकापडाच्या वेष्टनातली. मारिबोरपासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या लांब डोंगरवाटेवर प्रत्येक शिखराचा आणि प्रत्येक डोंगरघराचा आपापला शिक्का असतो, आणि ज्याच्या पायांनी तो मिळवला त्याच्याच वहीत तो उमटतो. बोगोमिरची वही केव्हाच भरली होती. ती काचेच्या कपाटात, त्यांच्या मुलाच्या, मातियाच्या, शाळेतल्या फोटोशेजारी उभी होती. ही ती नव्हे. ही नवी होती. पहिल्या पानावर नाव, गाव आणि जन्मसाल यांच्यापुढच्या तिन्ही ओळी कोऱ्या होत्या. पुढची चौदा पानंही कोरी. आणि मग मधूनच, कुणी पुस्तक अर्ध्यात उघडून वाचायला घ्यावं तसे, शिक्के सुरू झाले होते. नऊ शिक्के. प्रत्येकाखाली तारीख, आणि तारखेतल्या साताच्या कमरेला आडवी रेघ. असा सात घरात एकच माणूस काढायचा.

बस चुकली. पोलोना स्वयंपाकघरात आली आणि तिनं टेबलाचा खालचा खण उघडला. चर्चनं वाटलेली जुनी कॅलेंडरं ती टाकून देत नसे. त्यांच्यावर संतांची चित्रं असत, ती कचऱ्यात कशी घालायची. त्या कॅलेंडरांवर ती पेन्सिलीनं बारीक अक्षरात घरातलं काही काही टिपून ठेवी: दंतवैद्य, मातियाचा फोन, बोगोमिर विपावाला. विपावाला म्हणजे त्याच्या भावाकडे, वेलींची छाटणी करायला, चेरी उतरवायला. नऊच्या नऊ तारखा तिथे होत्या. नऊही गुरुवार. प्रत्येक वेळी तो एक रात्र राहून परत आला होता, आणि उन्हाळ्यात असेल तर येताना चेरींची कागदी पिशवी घेऊन आला होता. ती चेरी धुवून तिनं निळ्या वाडग्यात ठेवली होती, त्यातली मूठभर शेजारच्या बाईला दिली होती, दिराची म्हणून सांगून. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो पाव आणायला गेल्यावर, तिनं विपावाला जावेला फोन लावला. "बोगोमिर?" जाऊ म्हणाली. "अगं, सासूबाईंच्या वर्षाच्या मिस्सेला आला होता, त्यानंतर इकडे फिरकलाय कुठे. का गं, बरा आहे ना?" पोलोना म्हणाली, "बरा आहे. चेरी गोड निघाल्या, तेवढं सांगायला केला होता फोन." "कुठल्या चेरी?" जाऊ म्हणाली.

तो लबाड असता तर तिला एवढं लागलं नसतं. बोगोमिरनं चौतीस वर्षं सरकारी वजनमापं तपासण्यात घालवली होती. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बाजारात गेला की भोपळीवाल्या म्हातारीच्या तराजूखाली हात घालून तो सपाट आहे का ते बघायचा, आणि ती म्हातारी म्हणायची, "बघ बाबा, बघ, तुझ्या बायकोचंही वजन करून घे एकदा." पूर्वी, दोघं मिळून डोंगर चढत तेव्हा, एका शिखरावरून अर्धं खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की शिक्क्याखाली तारीख घालायची राहिली. तारीख खालीही घालता आली असती. तो दीड तास परत वर गेला. ती खाली एका दगडावर बसून त्याची वाट बघत होती, आणि तिला त्याचा राग आला होता, आणि अभिमानही वाटला होता, आणि त्या दोहोंतलं कुठलं आधी आलं हे तिला आज आठवत नव्हतं. अशा माणसानं खोटं बोलायचं ठरवलं तर ते तो किती नीट बोलेल, हे मात्र तिच्या आता ध्यानात येत होतं. वजनं तपासणाऱ्यालाच तराजू कुठे वाकतो ते माहीत असतं.

वाटेचा क्रम तिला पाठ होता. एकतीस वर्षांनीही पाठ होता. नवव्या शिक्क्यानंतरचं ठिकाण म्हणजे काराव्हांके डोंगररांगेच्या कण्यावरचं कोरड्या खिंडीतलं डोंगरघर. त्या दिवशी अकरालाच जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "तोंचकाच्या पायाला प्लॅस्टर घातलंय. दोन-तीन दिवस तिच्याकडे जाऊन येते." तोंचका ही तिची धाकटी बहीण, त्सेल्येला राहणारी, पाय धडधाकट असलेली. बोगोमिरनं सूपातून चमचा काढला. "जा ना. मीही उद्या विपावाला जातोच आहे," तो म्हणाला. जा ना हे त्यानं फार चटकन म्हटलं, असं तिला वाटलं. जेवण झाल्यावर कोठीच्या वरच्या फळीवरून तिनं आपले बूट काढले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं रिकामं दिसू नये म्हणून त्यात तिनं जुनी उशी कोंबली आणि दोरा होता तसा बांधला. आपल्या हातांना हे सगळं इतकं सहज कसं जमतंय, याचं तिला नवल वाटलं. चोरी कुणाला शिकवावी लागत नाही, संशय आला की हात आपोआप शिकतात. बूट मऊ होते. दरवर्षी सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी बोगोमिर आपल्या बुटांबरोबर तिचेही बूट खाली काढायचा, त्यांना चरबी चोळायचा, शिवण बघायचा, नि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. ती कधी काही बोलली नाही. तिला तो मुका टोमणा वाटायचा.

कारण बूट ठेवून दिले होते ते तिनंच. मातिया पाच वर्षांचा असताना त्याच्या मेंदूच्या आवरणाला सूज आली, आणि चार दिवस तो आईला ओळखत नव्हता. चौथ्या रात्री ती दवाखान्यातून निघाली, पहिल्या गाडीनं ब्रेझ्येच्या तीर्थस्थानी गेली, आणि मरियामाउलीच्या चित्रासमोर गुडघ्यांवर उभी राहून म्हणाली की माझ्याकडे देण्यासारखं एकच आहे. नवरा द्यायचा नसतो, देव मागतही नाही, दागिने नव्हतेच. होते ते डोंगर. पाचशे पावलांनंतर छातीत जी जागा उघडते ती जागा. मुलाला ठेव, मी पुन्हा डोंगर चढणार नाही. आणि आपली शिक्क्यांची वही, अर्धवट, चौदा पानं भरलेली, तिनं तिथल्या भिंतीवर कुबड्या आणि मेणाची हृदयं टांगतात तिथे नवसाच्या वस्तूंत ठेवून दिली. मातिया वाचला. आज तो छत्तीस वर्षांचा आहे, ग्राट्सला पूल बांधतो, रविवारी फोन करतो. आणि ती दर शनिवारी फक्त पाव आणि पाणी घेते, रोज संध्याकाळी माळ ओढते, आणि एकतीस वर्षांत टेकडीवरच्या चर्चलासुद्धा गाडीरस्त्यानंच गेली आहे.

त्याच बुधवारी दुपारी बसमधून उतरून जंगलाच्या कडेला पहिली खूण दिसली, दगडावरचं तांबडं कडं आणि मधला पांढरा टिळा, तेव्हा ती तिथे बराच वेळ थांबली. तिनं मातियाला फोन केला. "आई, मी कामावर आहे. काय झालं?" "काही नाही. तू बरा आहेस ना?" "बरा आहे. तू धापा का टाकतेयस?" ती अजून एक पाऊलही चढली नव्हती. मग तिनं पाऊल टाकलं. तिला वाटलं होतं पाय थरथरतील, निदान आकाश तरी काही बोलेल. काही झालं नाही. बुटांनी दगड ओळखला. पायांना सगळं आठवत होतं. कुठे टाच टेकायची, कुठे मूळ टाळायचं. आणि सगळ्यांत वाईट हे की झाडं संपून गवत लागलं, वारा तोंडावर आला, तेव्हा छातीतली ती जागा उघडली. नवऱ्याची चोरी पकडायला निघालेल्या बाईला असं हलकं वाटावं, याची तिला भीती वाटली. मातियाच्या कपाळावरचा ताप तिच्या तळहाताला जाणवू लागला. तिनं तळहात घाघऱ्याला पुसला आणि चढत राहिली.

शेवटच्या तासाला एक म्हातारा मागून येऊन तिच्याबरोबर चालू लागला. नात्से नाव, क्रान्यचा, पूर्वी कापडगिरणीत मागांची दुरुस्ती करणारा, चार वर्षांपासून विधुर. हजार मीटरच्या वर गेलं की इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो न्यायाधीश असो की कसाई. तरी त्याचं 'तू' तिला गळ्यात पडल्यासारखं वाटलं. "तू पायांकडे बघत चालतेस," तो म्हणाला. "माझी बायको अशीच चालायची. वरचं काही बघायचीच नाही. म्हणायची, तू बघ आणि मला घरी जाऊन सांग." ती हसली नाही. खिंडीत पोचल्यावर त्यानं खाली बोट दाखवलं. संध्याकाळच्या उन्हात सगळं खोरं उघडं पडलं होतं, आणि त्यात, शेतांच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढा ब्रेझ्येच्या चर्चचा मनोरा. पोलोनानं पाठ फिरवली. बाकाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ती बसली.

डोंगरघर सांभाळणारी बाई मिलका नावाची होती. चाळिशीची, कोपरापर्यंत लाल हात, बोटात अंगठी नाही. "बूट बाहेरच्या खोलीतल्या लाकडी घोडीवर ठेव, सपाता खालच्या फळीवर आहेत, जोडी जमवायचा हट्ट धरू नकोस," ती म्हणाली. "आणि बाटली भरायची असेल तर आभाळाकडे बघ, नळाकडे नको. इथे पाणी वरून येतं." पोलोनाला दोन्ही डाव्या पायाच्या सपाता मिळाल्या. चुलीमागच्या खुंटीवर पुरुषाचा करडा स्वेटर टांगलेला होता. बोगोमिरचा तसा आहे. मिलका आत गेल्यावर पोलोनानं उठून त्याचं कोपर बघितलं; तिनं लावलेलं कातडी ठिगळ तिथे नव्हतं. म्हणजे काय, या मिलकानं त्याला दुसरा विणून दिला असेल. मिलकानं नोंदवही पुढे सरकवली: नाव, कुठून आलात, पुढे कुठे. पोलोनानं पेन घेतलं. ज्या पेनानं उद्या तो लिहील तेच हे पेन. तिनं लिहिलं: तोंचका झुपान. त्सेल्ये. आणि पुढच्या रकान्यात: खाली. त्याच पेनानं तिच्या खालच्या ओळीत नात्सेनं आपलं नाव लिहिलं. "आपण शेजारी," तो म्हणाला. "झोपायलाही शेजारीच देते मी," मिलका म्हणाली, "वर एकच तर खोली आहे."

बार्लीचं दाट सूप आलं, मोठ्या भांड्यातला लिंबू घातलेला रानचहा आला. निळ्या जाकिटातली एक उंच बाई कोपऱ्यात एकटी जेवत होती. केसांची जाड वेणी, पन्नाशीची, देखणी. तिनं मिलकाला विचारलं, "उद्याही जागा असेल ना? नक्की नाही माझं, आधी विचारून ठेवते." पोलोनाचा घास तोंडातच राहिला. मग तिनं त्या बाईकडे नीट बघितलं. एखादा कपडा घ्यावा की नाही म्हणून उलटसुलट करून बघतात तसं. हिच्या पिशवीच्या वरच्या खिशात वही असेल का, नाव घातलेली वही, तिचेही चौदा पानांपुढचे शिक्के असतील का. दोघं मधेच कुठेतरी भेटले, म्हणून मधूनच सुरू झालेले शिक्के. नाव लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते दोघांचं लिहावं लागलं असतं. नात्से पत्ते पिसत होता. "तोंचका, खेळतेस?" तिला हाक लागली नाही. "तोंचका," त्यानं पुन्हा म्हटलं, आणि मग ती दचकून वळली. "स्वतःच्या नावाची सवय नाही वाटतं हिला," मिलका चुलीजवळून म्हणाली.

वरच्या खोलीत फळ्यांवर एकाला लागून एक गाद्या होत्या. पोलोना भिंतीकडच्या टोकाला झोपली. खिशातली माळ तिनं मुठीत धरली, पण पहिल्या मण्यावरच अंगठा थांबला. रोजच्या माळेतला एकही शब्द नवस मोडलेल्या तोंडाला शोभेना. मग ती खोलीतले श्वास मोजत पडून राहिली. नात्सेचा श्वास शिट्टीसारखा, निळ्या जाकिटातलीचा हलका, ऐकूच न येणारा. बोगोमिर कुशीवर झोपला की नाकातून एक बारीक आवाज येतो. इतकी वर्षं तो आवाज म्हणजे तिला घरातल्या घड्याळासारखा. तो आवाज आणखी कुणाला माहीत असेल, एवढा एकच विचार पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि त्या विचाराला चेहरा नव्हता. पावसाचे थेंब पत्र्यावर पडू लागले आणि खाली टाकीत पाणी वाजू लागलं. ग्राट्सला पाऊस असेल का. पूल बांधणारी माणसं पावसात चढतात का. इथे फोनला रेंज नव्हती, कुणाला विचारायची सोय नव्हती. तिला कळत होतं की ती एकाच वेळी दोन गोष्टींवर पहारा देते आहे, आणि एकीचा दोष दुसरीच्या डोक्यावर ठेवू बघते आहे. तो खोटं बोलला म्हणून मी चढले. त्याच्या खोट्यानं माझ्या मुलाला काही झालं तर. हा हिशोब देवाला चालेल का, असं तिनं अंधारात विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी दाट धुकं होतं. निळ्या जाकिटातली बाई नाश्ता करून, सगळ्यांना हात हलवून, ऑस्ट्रियाच्या बाजूनं उतरून गेली. कुणाचीच वाट न बघता. पोलोनाला तिचा जवळजवळ राग आला. आता उरली मिलका. सातला मिलकानं खोलीच्या कोपऱ्यातला वायरलेस लावला. सकाळ-संध्याकाळ सगळ्या डोंगरघरांची एकमेकांशी हवापाण्याची बोलणी होतात. शेजारच्या घरातली बाई खरखरत म्हणाली, "वारा पडलाय, पण दुपारी सुटेल. आणि गुरुवार आहे गं आज. तुझ्याकडे तो येईल, बिननावाच्या वहीवाला." "कोण तो?" "म्हातारा. म्हणजे तसा म्हातारा नाही. सभ्य. वहीवर नाव नाही. नाव लिही म्हटलं तर लिहीत नाही." "मग मी शिक्का देणार नाही. इथे शिक्का पेटीत नसतो, माझ्याकडे असतो." "मीही तसंच म्हटलं होतं," पलीकडची म्हणाली, "पण तो असा बघतो ना, की दिला." मिलका हसली. पोलोना चहाच्या पेल्यावर वाकली होती. असा बघतो म्हणजे कसा, तिला आठवेना. तिच्याकडे तो शेवटचं कधी बघत होता, तेही.

"तू नाही निघत?" मिलकानं विचारलं. "गुडघा," पोलोना म्हणाली. "माझीही हाडं म्हणतायत थांब," नात्से म्हणाला, "म्हणजे आज दिवसभर पत्ते." दुपारपर्यंत ती सहा डाव हरली. बाहेर पायऱ्यांवर बूट आपटल्याचा आवाज आला तेव्हा ती शाल आणायला म्हणून वर गेलेली होती. दार उघडलं, बाहेरच्या छोट्या खोलीत कुणीतरी बूट काढले, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. बूट काढून सपाता घालायला एवढा वेळ लागत नाही. पोलोना लाकडी जिन्याच्या वळणावर थांबली. तिथून फळ्यांच्या फटीतून खालची खोली दिसत होती, आणि ती स्वतः अंधारात होती.

बोगोमिर आत आला. केस ओले, कपाळाला चिकटलेले. तो एकटा होता. त्यानं आत येऊन बाकांवर नजर फिरवली, चुलीकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "इथे कोण कोण आहे?" त्यानं विचारलं. बघ, पोलोनाच्या आत कुणीतरी म्हणालं. शोधतोय. "मी आहे, हा नात्से आहे, वर एक बाई आहे," मिलका म्हणाली. "तू तो गुरुवारवाला ना? आण वही." त्यानं वही काढून दिली, पण डोळे जिन्याकडे. मिलकानं पहिलं पान उघडलं आणि बंद केलं. "नाव नाही. नाव असल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. कुणाची आहे ही?"

"माझी नाही," बोगोमिर म्हणाला.

"ते दिसतंय. मग कुणाची?"

"बायकोची."

नात्सेनं पत्ते खाली ठेवले. मिलका म्हणाली, "आणि बायको कुठे?"

"ती चढत नाही. मुलगा आजारी होता तेव्हा तिनं डोंगर सोडले. चौदा शिक्के झाले होते तिचे, ती वही तिनं ब्रेझ्येला देऊन टाकली. पुढचे राहिले." बोगोमिर हळू बोलत होता, चुकीचं वजन सापडल्यावर दुकानदाराशी बोलायचा तसं, त्याला लाज वाटू नये अशा बेतानं. "मला वाटलं, तिनं सोडलेली वाट तशीच पडून राहू नये. कुणीतरी चालून ठेवावी."

"म्हणजे तू चालतोस आणि शिक्का तिला. हे चालत नाही रे."

"माहीत आहे. म्हणून तर नाव लिहिलेलं नाही. कधी लिहिणारही नाही. कोरीच देणार."

"कधी?"

"समुद्र आला की."

मिलकानं वहीवरून अंगठा फिरवला. मग तिनं एप्रनच्या खिशातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची गरम वाफ सोडली, आणि चौदा कोऱ्या पानांनंतरच्या दहाव्या पानावर दाबला.

जिन्याच्या वळणावर पोलोनाला पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच, की आपल्या दोन्ही पायांत डाव्या सपाता आहेत आणि उजव्या पायाची बोटं बधिर झाली आहेत. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. चौदा कोरी पानं तिनं बोटानं उलटली होती. तिची चौदा पानं. कुणालाही नाही, तिला एकटीलाच कळायला हवा होता तो आकडा, आणि तीन दिवस तिनं त्यात दुसरी बाई शोधली. चरबी चोळलेले बूट तिला आठवले नाहीत. आणि या गोष्टीसाठी, या कोऱ्या पानांसाठी, तिनं माउलीला दिलेली एकुलती एक वस्तू परत उचलून आणली होती.

"तुझी नोंदवही बघू," खाली बोगोमिर म्हणाला. आणि आता तिला कळलं, बाहेरच्या खोलीत तो इतका वेळ का थांबला होता. बूट. एकतीस वर्षं ज्याच्या हातांनी ते मऊ ठेवले तो माणूस घोडीवरचे ते बूट ओळखणार नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं बोट नावांवरून खाली आणलं. तो पोलोना शोधत होता. बोट तोंचका झुपानवर थांबलं. तिचं अक्षर त्याला वाण्याच्या यादीवरून, कॅलेंडरवरून, सदतीस वर्षांच्या चिठ्ठ्यांवरून माहीत होतं. बोट एक ओळ खाली सरकलं, त्याच शाईतल्या, त्याच दिवशीच्या, पुरुषाच्या नावावर. "ही तोंचका," तो म्हणाला, "एकटी आली का?"

"एकटी कसली," नात्से खुशीत म्हणाला, "माझ्याबरोबर आली. कालपासून मला पत्त्यांत जिंकू देतेय." आणि मग जिन्याकडे मान वर करून, "तोंचका, ये गं खाली. किती वेळ शाल शोधतेस. वाटलेत पत्ते."

बोगोमिरनं नात्सेकडे बघितलं. संशयाचा तो चेहरा पोलोना ओळखत होती. कालच्या बसच्या काचेत, घरातल्या आरशात, चहाच्या पेल्यात ती तो बघत आली होती. पण तिथे तो तिचा स्वतःचा होता, बोगोमिरवर तो तिनं कधी बघितला नव्हता. डोळे बारीक, ओठ मिटलेले, जणू पारड्यात आधी काय टाकावं ते ठरवतोय. ती खाली उतरली. सहा पायऱ्या, सपाता प्रत्येक पायरीवर आपटत होत्या.

"कधी आलीस?" त्यानं विचारलं.

"काल."

"का?"

तिला वाटलं होतं शब्द शोधावे लागतील. "चेरी कुठून आणतोस ते बघायला," ती म्हणाली.

त्यानं ओले केस कपाळावरून मागे सारले. "स्टेशनासमोरच्या बाईकडून," तो म्हणाला. आणि नंतर, अगदी हळू, "आणि नवस?" तिनं मान हलवली. हे मान हलवणं हो होतं की नाही, तिचं तिलाच माहीत नव्हतं. नात्से उठून उगाच चुलीत लाकूड घालायला गेला. मिलकानं हात एप्रनला पुसले. "तुमचं काय ते तुम्ही बघा," ती म्हणाली, "पण ही नोंदवही म्हणजे गंमत नाही, बाई. तुला वर काही झालं असतं तर खाली या नावानं निरोप गेला असता. कुणा तोंचकाच्या घरी रडारड झाली असती."

पोलोनानं पेन घेतलं. तोंचका झुपानवर सरळ रेघ मारली आणि तिच्या वर, दाटीवाटीनं, आपलं नाव लिहिलं. कुठून: ल्युब्लियाना. पुढे कुठे. 'खाली' हा शब्द तिथे आधीचाच होता. तिनं तोही खोडला. धुक्यात मनोरा दिसत नव्हता, पण तो कुठे आहे हे तिच्या पाठीला कालपासून माहीत होतं. दीड दिवसाची पायवाट, घोट्यांना बोचणारी, आणि शेवटी त्या चित्रासमोर उभं राहून काय म्हणायचं, याचा एक शब्दही तिच्याजवळ नव्हता. वाटेत जिथे फोन लागेल तिथे मातियाचा आवाज ऐकायचा. एवढंच ठरलं होतं. तिनं लिहिलं: ब्रेझ्ये, पायी.

तिनं पेन त्याच्याकडे दिलं. नात्सेच्या नावाखालची ओळ रिकामी होती. त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं, जन्मसालासकट, जे या नोंदवहीत कुणीच विचारलं नव्हतं. कुठून, तेही पूर्ण लिहिलं. शेवटच्या रकान्याशी येऊन थांबला. लोक तिथे आळसानं वरच्यासारखंच म्हणून दोन बारीक काड्या मारतात. बोगोमिरला त्या काड्यांचा राग होता, माणसानं स्वतः कुठे जायचंय ते स्वतःच्या अक्षरात लिहावं असं तो म्हणे. त्यानं वरच्या ओळीकडे बघितलं, नात्सेची ओळ सोडून तिच्यावरच्या ओळीकडे. मग तिथून बाणासारखी एक रेघ ओढत खाली आणली, आणि तिच्या टोकाशी दोन काड्या मारल्या.

पोलोना त्या दोन काड्यांकडे बघत राहिली. सोबतीला निघालाय की पाळतीला, हे अक्षरावरून ओळखता येईना. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यानं तिचे बूट घोडीवरून उतरवले, उलटे करून तळव्याची शिवण बघितली, आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवले. उजवा उजवीकडे, डावा डावीकडे.